सोनपाठी सुतार: एकाचं नाव की कुळाचं?

गुहागर तालुक्यातून आलेला प्रश्न असा: शाळेसाठी पक्ष्यांचा फलक रंगवायचा आहे. माडावर येणारा लाल तुऱ्याचा, सोनेरी पाठीचा पक्षी काढला आहे. त्याच्याखाली ‘सोनपाठी सुतार’ लिहावं, ‘सोनपाठ्या’ लिहावं, की इंग्रजी ‘फ्लेमबॅक’चं ‘ज्वालापाठी’ करावं? अनेकवचन काय होईल, आणि मादीला ‘सुतारीण’ चालेल का?

‘ज्वालापाठी’ नको. इंग्रजीतही याच पक्ष्यांना ‘गोल्डनबॅक’ हे दुसरं नाव आहेच, त्यामुळे जाळ पेटवायची गरज नाही. ‘सोनपाठी’ हा शब्द सोनचाफा, सोनटक्का, सोनकेळं यांच्या पंगतीत सहज बसतो. समासात ‘सोनं’चं ‘सोन’ होतं, तेच इथेही झालंय. फरक एवढाच की सोनचाफा म्हणजे सोन्यासारखा चाफा. सोनपाठी म्हणजे मात्र पाठ नव्हे, ज्याची पाठ सोन्यासारखी तो. हा बहुव्रीही. अशा शब्दाला आपल्याकडे शेवटी ‘ई’ लागतो तसा ‘या’ही लागतो, लालबुड्या बुलबुल आठवा. म्हणून ‘सोनपाठ्या’ चूक नाही, पण त्यात टोपणनावाचा सूर आहे. फलकाला ‘सोनपाठी’ बरा. तो बदलत नाही: सोनपाठी सुताराने, सोनपाठी सुतारांची.

‘सुतार’ अकारान्त पुल्लिंगी, म्हणून एक सुतार, चार सुतार. ‘सुतारे’ असं काही होत नाही. नुसतं ‘सुतार’ म्हटलं तर कोकणात गोंधळ होतो, कारण गावोगावी सुतारवाडी आहे. त्यासाठी ‘सुतारपक्षी’, आणि तो जोडून एकच शब्द लिहायचा. आधी ‘सोनपाठी’ आलं की ‘पक्षी’ची गरज उरत नाही. ‘सुतारीण’ हा शब्द सुताराच्या घरातल्या बाईसाठी आहे, पक्ष्याला तो लावला की विनोद होतो. ‘सुतार मादी’ लिहा.

नावाचं मूळही गमतीचं आहे. ‘सुतार’ आला संस्कृत ‘सूत्रधार’वरून, म्हणजे मापाची दोरी धरणारा. पक्षी दोरीच्या वाटेला जात नाही. त्याच्याकडे हत्यार एकच, चोच, आणि ती पटाशीसारखी, टोकाला सपाट आणि सरळ. संस्कृत कोशकारांनी मात्र नेमकं काम पकडलं होतं: अमरकोशात ‘दार्वाघाट’ आहे, लाकडावर आघात करणारा. मराठीने पाखरांना जणू बलुतीच वाटून दिली: सुतार, तांबट, शिंपी, खाटीक, धोबी. ही सगळी नावं कामावरून किंवा कामाच्या आवाजावरून आली, रंगावरून नव्हे. रंगाचं विशेषण लागतं ते एकाच धंद्यातले दोन-चार जण शेजारी राहायला आले की.

आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘सोनपाठी’ हे एका जातीचं पूर्ण नाव होत नाही, कारण सोनेरी पाठीचे सुतार आपल्याकडे एकाहून अधिक आहेत.

वाडीत, माडा-पोफळीच्या बागेत, आंब्याच्या जुन्या खोडावर दिसतो तो बहुधा डायनोपियम बेंगॉलेन्स. लांबी 26 ते 29 सेंटिमीटर. लिनियसने 1758 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, बंगालवरून. त्याची खूण कंबर: पाठीचं सोनं संपतं आणि शेपटीच्या आधीचा पट्टा काळा असतो. बसलेला असताना पंखांखाली तो झाकला जातो, उडाला की दिसतो. गळाही काळा, बारीक पांढऱ्या रेघा-ठिपक्यांचा. डोळ्यातून मागे काळी पट्टी जाते, पण गालावर मिशी, म्हणजे चोचीपासून मागे जाणारी काळी रेघ, नाही.

सह्याद्रीच्या उतारावर, आंबोलीकडच्या जंगलात गेलात की मोठा सोनपाठी भेटतो, क्रायसोकोलॅप्टेस गटातला. त्याची कंबर लाल, गालावर दुहेरी काळी मिशी, चोच लांब, अंगाने सुमारे 33 सेंटिमीटर. ग्रीकमधून आलेल्या या गटनावाचा अर्थ ‘सोनेरी छिन्नीवाला’. तिकडच्यांनाही शेवटी कारागीरच सुचला. तिसरा, आणखी दक्षिणेकडच्या डोंगरातला, त्याचीही कंबर लाल, पण मिशी एकेरी आणि पायाला बोटं तीनच. चौथा पांढऱ्या मानेचा सुतार. त्याला सोनपाठी म्हणणं मला पटत नाही, कारण त्याचं सोनं पंखांवर असतं. पाठीवर मानेपासून उतरलेला पांढरा त्रिकोण असतो.

म्हणून फलकावर ‘काळ्या कमरेचा सोनपाठी सुतार’ लिहा. ‘कंबर’ शब्दाला बिचकू नका. ‘काळ्या बुडाचा’ लिहिलंत तर चूक होईल: पक्ष्याचं बूड म्हणजे शेपटीखालचा भाग, जो बुलबुलचा लाल असतो. कंबर शेपटीच्या वरच्या बाजूला. दोन बोटांचं अंतर आहे, पण चित्रकार तेवढ्यावर रंग चुकीच्या जागी लावतो.

मादीचंही तसंच. नराचं डोकं कपाळापासून तुऱ्याच्या टोकापर्यंत लाल. मादीचं कपाळ आणि पुढचा माथा काळा, त्यावर पांढरे ठिपके. लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यात. ‘लाल डोक्याचा’ असं नाव दिलं की अर्ध्या पक्ष्यांना ते लागू पडत नाही.

चित्रात आणखी एक चूक हमखास होते: तुरा पंख्यासारखा उघडलेला, चोच बारीक आणि वाकडी. तो हुदहुद, त्यालाही पुष्कळ लोक सुतार म्हणतात. हुदहुद जमिनीत चोच खुपसून किडे काढतो. सुतार खोडाला उभा चिकटतो, ताठ शेपटीचा टेकू घेतो आणि उड्या मारत वर सरकतो. खाली यायचं तर डोकं वरच ठेवून मागे मागे येतो. चित्रात त्याची शेपूट खोडाला टेकलेली हवी, हवेत लोंबती नको.

आवाजासाठी ‘टकटक’ पुरतं, पण ती सालीखालचे किडे शोधताना होते, थांबत थांबत. त्याची हाक निराळी, घोड्याच्या खिंकाळण्यासारखी एका दमात. ‘टुक् टुक् टुक्’ असा तासन्‌तास चालणारा ठोका ऐकू आला तर तो तांबट, झाडाच्या शेंड्यावर बसून चोच न आपटता गळ्यातून काढलेला.

घरासाठी ‘घरटं’ न लिहिता ‘ढोली’ लिहा. तो काड्या गोळा करत नाही, खोड कोरतो; अंडी दोन-तीन, पांढरीशुभ्र, आत नुसत्या भुशावर. ढोली सोडली की तिथे पिंगळा, साळुंकी, दयाळ राहायला येतात.

फलकाचं शीर्षक ‘आपल्या पक्ष्यांची ओळख’ ठेवा, ‘क्ष’ला ‘य’ जोडून. ‘पक्षांची’ लिहिलंत तर पोरं सुतार सोडून मतदान कधी आहे ते विचारतील.