वाचकांचे प्रश्न : ब्रिज रेक्टिफायर आणि अर्धाच वेव्हफॉर्म

प्रश्न : ०-१२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला चार १एन ४००७ डायोडचा ब्रिज (एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर) जोडला आहे, लोड १ किलोओहम. सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पहिल्या चॅनेलवर ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (१२ व्होल्टची बाजू) आणि दुसऱ्यावर ब्रिजचे आउटपुट एकाच वेळी पाहतो. फुल वेव्हऐवजी हाफ वेव्ह (दोनपैकी एकच अर्धा भाग) दिसते आणि एक डायोड चटका बसेल इतका तापतो. जोडणी दोनदा तपासली, ती बरोबर आहे.

उत्तर : जोडणी बरोबरच असणार. घोळ प्रोबच्या (सीआरओच्या मोजणीच्या तारेच्या) ग्राउंड क्लिपमध्ये आहे. नेहमीच्या सीआरओत दोन्ही चॅनेलचे ग्राउंड आतून एकच असते आणि तेच अर्थिंगलाही जोडलेले असते. सेकंडरीची टोके अ आणि ब धरा. पहिली क्लिप ब ला आणि दुसरी आउटपुटच्या ऋण टोकाला लावली, की त्या दोन बिंदूंमधला डायोड सीआरओमार्फत शॉर्ट होतो.

अ धन असताना लोडला प्रवाह मिळतो, तोही एकाच डायोडमधून. म्हणून शिखर अपेक्षित १५.५ ऐवजी १६.३ व्होल्टच्या आसपास दिसते. हीच मोठी खूण. ब धन झाला की प्रवाह लोड टाळून क्लिपमधून ऋण टोकाला येतो आणि ऋण टोक आणि अ यांमधल्या डायोडमधून थेट अ कडे परततो. म्हणजे सेकंडरी शॉर्ट! तापतो तो हाच डायोड. पहिल्या चॅनेलवर ऋण अर्धा भाग उणे एक व्होल्टच्या आसपास कापलेला दिसेल. हा सगळा प्रवाह सीआरओच्या आतल्या ग्राउंडमधूनही जातो, तेव्हा सप्लाय लगेच बंद करा.

आता दोन्ही क्लिपा ऋण टोकालाच लावा. पहिले प्रोब अ वर, दुसरे ब वर. दोन्हींची व्होल्ट/डिव्हिजन सारखी ठेवा, प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) आणि कॉम्पेन्सेट केलेली (सीआरओशी जुळवून घेतलेली) असू द्यात. मग सीआरओच्या ‘मॅथ’ सोयीत पहिल्यातून दुसरा वजा करा. जुन्या सीआरओवर दुसरा चॅनेल इन्व्हर्ट करून ‘अ‍ॅड’ दाबा. पूर्ण साइन वेव्ह मिळेल. एकट्या अ वर मात्र हाफ वेव्हच दिसते, खाली उणे ०.७ व्होल्टपर्यंत उतरलेली. तो दोष नव्हे. आउटपुट त्यानंतर वेगळे पाहा : ५ मिलिसेकंद/डिव्हिजनवर दर दोन चौकोनांना एक उंचवटा, म्हणजे १०० हर्ट्झ.

तरीही २० मिलिसेकंदांनी एकच उंचवटा आला, तर तापलेला डायोड ओपन झाला आहे. शॉर्ट झाला असेल तर क्लिप काढूनही ट्रान्सफॉर्मर गरम होईल आणि शेजारचा डायोडही जाईल. म्हणून पुन्हा सप्लाय देण्याआधीच प्रत्येक डायोडचे एक टोक सोडवून मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा : एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने ‘ओएल’ (म्हणजे प्रवाह जात नाही).

अर्थपिन काढून सीआरओ ‘तरंगता’ ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. त्याच्या बॉडीतच वीज उतरू शकते. २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या ब्रिजला तर साध्या प्रोबची क्लिप कुठेच लावायची नाही. तिथे डिफरन्शियल प्रोबच (अर्थिंगशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारे) हवे.

प्रश्न : उंचवटे बरोबर दहा मिलिसेकंदांचे आहेत, पण प्रत्येकाचा खालचा भाग शून्याच्या खाली जातो. डायोड उलटा लागला असेल का?

उत्तर : नाही. चॅनेल ‘एसी’ कपलिंगवर आहे. १५.५ व्होल्ट शिखराची सरासरी सुमारे ९.९ व्होल्ट, तेवढा डीसी भाग गाळला गेल्याने आकृती उणे ९.९ पासून अधिक ५.६ पर्यंत सरकते. कपलिंग ‘डीसी’ करा.