हातात जोर नाही, म्हणून पोरीचं जिम्नॅस्टिक बंद करायचं?

"मॅडम, हिच्या हातात जोरच नाही म्हणतेत. मंग बंद कराव का हे जिम्नॅस्टिक?"

खेळाडू मुलींच्या आया मला हा प्रश्न नेहमी विचारतात. या वेळी विचारणारी आई मोर्शीकडच्या एका खेड्यातली होती, सोबत तेरा वर्षांची लेक. शाळेत पकडीचं यंत्र दाबून पाहिलं, तर तिचा आकडा वर्गात खालून दुसरा आला. तेव्हापासून पोरगी रात्री अंथरुणात रबरी बॉल दाबत बसायची आणि बारवरून तिचे हात आधीपेक्षा जास्तच सुटू लागले होते.

आधी आकड्याचं सांगते. ते यंत्र एका दाबात हात किती किलो जोर लावतो, एवढंच मोजतं. हाडापेराने मोठ्या मुलीचा आकडा सहसा मोठाच येणार. ही पोर बारकी, आणि बारवर तिला फक्त स्वतःचं वजन पेलायचं असतं. वजनाशी ताडून पाहिलं तर ती मुळीच मागे नव्हती. शिवाय मुलींच्या स्पर्धेत व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), अनइव्हन बार्स (एक उंच, एक खालचा असे दोन आडवे दांडे), बीम (अरुंद पट्टीवरचा तोल) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) असे चार प्रकार. पकडीचा खरा कस लागतो तो एकट्या बार्सवर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपा कर्माकर चौथी आली ती व्हॉल्टवर, जिथे हात टेबलाला क्षणभरच टेकतात.

पण मग हात सुटत का होते? आईला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि पोरीला तळहात दाखवायला सांगितले. बोटांच्या मुळाशी घट्टे, त्यातला एक सोललेला, वर हळद. लेझीमचा दांडा हातात देऊन म्हटलं, "बार धरतेस तसा धर." नखं पांढरी पडली, कोपरापर्यंत शिरा ताठल्या, श्वास रोखलेला.

"पडली होतीस का गं?"

बराच वेळ गेला. "उंच बारवरून. आईले नाही सांगतलं. तिले समजलं तं सरावच बंद होईन माहा."

भीतीने ती बार पूर्ण वेळ आवळून धरत होती. असं आवळत राहिलं की कोपराखालचे स्नायू लवकर भरून येतात, आणि नेमकी गरज असते तेव्हा बोटं उघडतात. झोका खालून जाताना पकड घट्ट हवी, वर मनगट फिरवताना ती किंचित सैल करावी लागते. त्यातून ही पोर दोरीच्या मल्लखांबावरून आलेली. आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाची गोडी लावली, त्यामुळे मल्लखांब घरोघरी ठाऊक. पण दोरीवर पायाचा अंगठाही धरतो. बारवर सगळा भार तळहातांवर. तिथे नवख्या पोरीला असुरक्षित वाटणारच.

पडल्याचं आईला तिनेच सांगितलं, मी फक्त जवळ बसले. आई रागावली नाही, रडली.

तिला शिकवणाऱ्या सरांशी बोलून आम्ही उंच बार, म्हणजे २५० सेंटिमीटरचा, काही दिवस बाजूला ठेवला. १७० च्या खालच्या बारवर, जाड गादीवर, आधी ठरवून हात सोडायचा आणि पडायचं. झोक्यात श्वास सोडायचा. रात्रीचा बॉल बंद. त्याऐवजी थोडा थोडा वेळ लटकायचं आणि सोललेली कातडी भरेपर्यंत हातांना सुट्टी. मोठ्या ताईची जुनी ग्रिप, म्हणजे तळहाताला बांधायची चामडी पट्टी, घालू नका, हेही बजावलं. सैल ग्रिप बारवर अडकली तर मनगट मोडू शकतं.

एक गोष्ट मी अशा प्रत्येक मुलीला विचारते: हातावर उभं राहताना मनगटात, अंगठ्याच्या बाजूला दुखतं का? या वयात तिथलं हाड अजून वाढत असतं. दुखत असेल तर पट्टी बांधून सराव रेटू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हिला दुखत नव्हतं.

"आकडा वाढेल का?" आईने जाताना विचारलं. उंची-वजनाबरोबर वाढेल, म्हटलं, त्यासाठी यंत्र सारखं दाबायला नको. आणि स्पर्धेत बारवरून पडलं तर एक गुण जातो, पण ३० सेकंदांच्या आत पुन्हा बार धरून पुढचं करता येतं, हा नियमही सांगितला.

"मंग पुन्हा चढता येते?" पोरीने विचारलं.

येते, म्हटलं. सध्या ती खालच्या बारवरच आहे. उंच बारवर कधी जायचं, ते सर आणि ती मिळून ठरवतील.