ऑस्करच्या टाकीत नवा जॅक डेम्पसी का टिकत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: चार फुटी टाकीत ऑस्कर आणि ग्रीन टेरर हे दोन मासे वर्षभर सुखाने नांदत आहेत, पण आठवड्यापूर्वी सोडलेल्या जॅक डेम्पसीला (तिघेही सिक्लिड या हद्द राखणाऱ्या माशांच्या कुळातले) ऑस्कर क्षणाचीही उसंत देत नाही, असे का होते, आणि हे तिघे पुढे एकत्र राहू शकतील का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. त्या टाकीत कायमचे राहू शकणार नाहीत.

शिकारी माशांच्या बाबतीत भूक आणि भांडण यांची नेहमी गल्लत होते. तोंडात मावेल ते गिळणे ही भूक झाली. ऑस्कर गप्पी गिळतो तेव्हा त्यात राग नसतो, कल्ले फुगवणे नसते, काही नसते. एका झटक्यात काम संपते. त्यामुळे तोंडात मावणार नाही एवढाच सोबती निवडावा हा सल्ला बरोबर आहे, पण तो फक्त भुकेपुरता. (तोंडात मावणारा प्रत्येक मासा सुखाने गिळता येतो असेही नाही, कोरीडोराससारखा काटेरी मासा घशात काटे ताठ करून अडकतो आणि मग दोघेही जातात.) डेम्पसीला आपला ऑस्कर खाण्यासाठी नव्हे, तर हाकलण्यासाठी मारतो आहे. नदीत हरलेला मासा दूर निघून गेला की भांडण तिथेच मिटते. टाकीत त्याला जायला जागाच नसते, तो डोळ्यांसमोर राहतो, आणि हद्दीच्या मालक माशाच्या लेखी त्याची घुसखोरी दिवसभर चालूच असते.

हद्दीचा हा हिशेब आकारापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशांवर केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. एकाच टाकीत घरटी बांधलेले दोन नर त्यांनी दोन काचेच्या नळ्यांत ठेवले. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला काचेतून धडका मारी आणि दुसरा पळायची धडपड करी. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की भूमिका नेमक्या उलट होत. मासे तेच, अंतर तेवढेच, बदलली होती ती फक्त जागा.

सिक्लिड माशांत हे मी घरी पाहिले आहे. माझ्या सुमारे दहा इंची ऑस्करसोबत कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एक जोडी होती, दोघेही जेमतेम चार इंचांचे. त्यांनी आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत अंडी घातली आणि दोन दिवसांत तो धिप्पाड ऑस्कर टाकीच्या एका टोकाला, हीटरच्या मागे जाऊन बसला. मादी कुंडीच्या तोंडाशी परांनी अंड्यांवर पाणी खेळवत असे. नर मधल्या एका चपट्या दगडापर्यंत गस्त घाली आणि ऑस्करचे नाक त्या दगडाच्या पुढे आले की थेट त्याच्या गालावर धडक देई. पिल्ले फिरू लागल्यावर तर ती सीमा आणखी एक वीतभर पुढे सरकली. अखेर मला ऑस्करलाच दुसरीकडे हलवावे लागले.

आपला ग्रीन टेरर का टिकला हेही यातून कळते. तो आणि ऑस्कर लहानपणापासून एकत्र वाढले, त्यांनी जागा वाटून घेतली, आणि जुना शेजारी परक्यापेक्षा नेहमीच कमी खुपतो. डेम्पसी परका आहे, शिवाय अंगाने, आहाराने आणि पोहण्याच्या थराने ऑस्करसारखाच आहे. जितके साम्य अधिक तितकी स्पर्धा अधिक. याउलट सेनेगल बिचिरसारखा तळाशी पडून राहणारा लांबुळका मासा, पुरेसा मोठा असेल तर, ऑस्कर सहसा प्रतिस्पर्धी मानत नाही. फक्त झाकणात फट ठेवू नये, बिचिर तीतून निसटतो. सिल्व्हर डॉलर या चपट्या, रुपेरी माशांचा पाच-सहांचा थवाही चालतो, पण त्याला सहा फुटी टाकी हवी.

प्रयत्न करायचाच असेल तर डेम्पसीला नव्हे, ऑस्करला बाहेर काढावे. बहुतेक जण मार खाणाऱ्याला काढतात आणि आठवड्याने परत सोडतात. तोवर तो पुन्हा परकाच झालेला असतो. ऑस्कर चार-पाच दिवस दुसऱ्या टाकीत असताना मूळ टाकीतले दगड, ओंडके, कुंड्या सगळे नव्याने मांडावे, नजर अडेल असे दोन-तीन आडोसे उभे करावेत, आणि मग ऑस्करला दिवे मंद असताना शेवटी सोडावे. आता तोही पाहुणाच असतो. मध्ये छिद्रांचा पारदर्शक डिव्हायडर काही दिवस ठेवता आला तर अधिक चांगले.

पाहायचे काय? दोघांनी आडवे उभे राहून पर ताणले, शेपटीने पाणी मारले, तोंडात तोंड धरून मिनिटभर ओढाताण केली तर घाबरू नये. ते एकमेकांच्या ताकदीचे मोजमाप चालले आहे. एकतर्फी पाठलाग मात्र वाईट. डेम्पसी फिकट राखी पडून वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीमागे तिरका उभा असेल आणि खाणे टाकूनही खाली उतरत नसेल, तर त्याच दिवशी काढावा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हे जमले तरी ते तात्पुरतेच. चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी धरली तर काठोकाठ सुमारे 255 लिटर पाणी होते, आणि पूर्ण वाढलेला 12 इंची ऑस्कर एकटाच ते भरून टाकतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या म्बुना या छोट्या सिक्लिड माशांप्रमाणे टाकी गच्च भरून राग वाटून टाकण्याची युक्ती इथे लागू पडत नाही. एवढ्या मोठ्या माशांच्या विष्ठेने अमोनिया आधी वाढतो. ग्रीन टेरर नर असेल तर वयात आल्यावर तोही आपला वाटा मागेल, तेव्हा डेम्पसीसाठी दुसरे घर आताच शोधून ठेवावे.