‘क्षमा केली’ म्हटलं, पण मन मानत नाही

ताई, सप्रेम सलाम. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दारूच्या व्यसनासाठी त्याचे उपचार चालू होते. बाहेर कुणालाही सांगायचं नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण एका रात्री मला राहवलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला मी फोनवर सगळं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिने भगिनींच्या प्रार्थनासभेत उभं राहून, त्याचं नाव घेऊन, प्रार्थनेची विनंती केली. रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मुलाने उपासनेला येणं सोडलं. माझ्याशीही तो कामापुरतंच बोलतो. मैत्रिणीचा मेसेज आला, ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर, पण मी प्रार्थनेसाठीच सांगितलं.’ सगळे म्हणाले, आपण ख्रिस्ती माणसं, क्षमा करायलाच हवी. मी चारचौघांत तिला मिठी मारली आणि ‘केली क्षमा’ म्हटलं. त्याला आठ महिने झाले. ती गीत गायला उभी राहिली की अजून अंगाची लाही होते. मागच्या दोन्ही वेळा मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही, हे वचन मला झोपू देत नाही. मी खोटी ख्रिस्ती आहे का? आणि तिच्याशी पूर्वीसारखंच वागायला हवं का?

– एक भगिनी

प्रिय भगिनी,

खोट्या नाही आहात. ज्याला क्षमा करायचीच नसते, त्याची झोप या वचनाने उडत नाही. तुमची उडाली आहे, कारण प्रभूचं ऐकावं असं तुम्हाला मनापासून वाटतं आणि ते जमत नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

तुमच्या बाबतीत मला जे दिसतं ते असं की तुमच्याकडून क्षमा फार घाईने वदवून घेतली गेली. काय घडलं, त्यातून काय मोडलं, हे तुम्हाला कुणी धड बोलूही दिलं नाही. मिठी आधी झाली आणि दुःख तसंच आत राहिलं. आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार वेळा होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. दोन माणसांमधला ताण बाकीच्यांना बघवत नाही, म्हणून ज्याला लागलंय त्यालाच आधी गप्प केलं जातं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला दाखला तुम्हाला पाठ असेल. राजाने एका दासाचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, आणि त्याच दासाने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार होत. म्हणजे पहिलं कर्ज जवळपास सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. दहा जन्मांतही फिटणार नाही असं. उपदेशात हा आकडा आपण नेहमी ऐकतो. दुसऱ्या आकड्यापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांचे कष्ट. हातावर पोट असलेल्या माणसाचे तीन महिन्यांहून जास्त दिवस. ती रक्कम क्षुल्लक नव्हती, आणि प्रभूही तिला क्षुल्लक म्हणत नाही. देणं खरं होतं, मोठं होतं, आणि तरीही ते सोडायचं होतं.

तुमचं देणंही खरं आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर आली, मुलाची अब्रू गेली, त्याचं मंडळीत येणं सुटलं. हे सगळं देवासमोर नावानिशी मांडा. ‘प्रभू, तिने माझं हे हे नुकसान केलं आहे’ असं मोठ्याने म्हणा. तसं म्हटल्याने पाप लागत नाही. पंचावन्नावं स्तोत्र काढून वाचा. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा जिवलग, असं स्तोत्रकर्ता रडून सांगतो. ती प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे, म्हणजे तुमच्यासारखीने ती म्हणावी म्हणूनच ना? जे देणं आपण मोजलंच नाही, ते सोडणार तरी कसं?

आता त्या वचनाची भीती. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ हे आपण हलकं करू नये, आणि मीही करणार नाही. पण दाखल्यातला क्रम बघा. राजाची दया आधी आली. दासाने आधी सोबत्याला सोडावं आणि मग माझ्याकडे यावं, अशी अट राजाने घातलीच नव्हती. ख्रिस्ताने वधस्तंभावर तुमचं ऋण फेडलं ते तुमचं मन शांत होण्याची वाट बघून नव्हे. तुम्ही क्षमा विकत घेण्यासाठी क्षमा करत नाही आहात. मिळालेल्या क्षमेत राहून दुसऱ्याला द्यायची आहे. त्या दासाला दटावलं गेलं, कारण त्याने गळा धरला आणि सोबत्याची विनवणी ऐकूनही हात सैल केला नाही. तुम्ही आठ महिने हात सैल करायला धडपडता आहात.

राग परत येतो, याचा अर्थ पहिली क्षमा खोटी होती असा लावू नका. शिष्य पेत्राने प्रभूला विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करावी का? उत्तर आलं, साताच्या सत्तर पट. आपण समजतो, ही नव्या नव्या अपराधांची गोष्ट आहे. असेलही. पण मला वाटतं एकाच अपराधासाठी, दर वेळी आठवण उसळली की पुन्हा सोडावं लागणं, हेही त्यात आलं. ती गायला उभी राहिली, अंग तापलं, की तिथेच मनात म्हणा, ‘प्रभू, हे देणं मी आज पुन्हा सोडते.’ भावना लगेच येणार नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात, दिवसातून सात वेळा क्षमा करा हे ऐकल्यावर प्रेषित काय म्हणाले माहीत आहे? आमचा विश्वास वाढवा. प्रभूच्या सोबत राहिलेल्या माणसांनाही हे झेपणारं वाटलं नव्हतं.

प्रभुभोजनापासून दूर राहू नका. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं, असं तो म्हणत नाही. ज्याला कृपेची गरज आहे त्यानेच त्या मेजाशी जायचं असतं.

पण परीक्षेचं निघालंच आहे तर एक गोष्ट बोलायला हवी, आणि ती मी प्रेमाने बोलते आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही लिहून पुढे गेलात: माझ्याशीही तो कामापुरतंच बोलतो. भगिनी, मुलाने कुणालाही सांगू नको म्हटलं होतं, आणि सांगितलं तुम्ही. एकट्या आईच्या जिवाला ते ओझं पेलवलं नाही, हे मला पुरतं कळतं. पण त्याच्या बाजूने बघा. त्याचा विश्वास आधी घरात मोडला, मंडळीत नंतर. मैत्रीण तुमची ऋणी आहे. तुम्ही मुलाच्या ऋणी आहात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जा आणि समेट कर, असं प्रभू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, ते भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. इथे तो भाऊ म्हणजे तुमचा मुलगा आहे.

मैत्रिणीचा मेसेज तुम्हाला का बोचला, ते आठवा. त्यात ‘असेल तर’ होतं आणि त्यात ‘पण’ होतं. मुलाकडे जाताना हे दोन्ही शब्द घरीच ठेवा. तो एकटा असेल, घाईत नसेल, तेव्हा बसा आणि म्हणा, ‘तू मला कुणाला सांगू नको म्हणाला होतास. मी सांगितलं. मी तुझा विश्वास मोडला. मला क्षमा कर.’ आणि गप्प बसा. किती त्रासात होते, मैत्रिणीने कसा घात केला, यातलं काहीही त्यात घालू नका. वचनं ऐकवू नका. उपासनेला परत ये, हेही त्या दिवशी नको. तो चिडला तर चिडू द्या. उत्तर दिलं नाही तरी चालेल. तुमच्यावर आठ महिन्यांपूर्वी जी घाई झाली, ती त्याच्यावर करू नका. तुमची क्षमा मागणं हे तुमच्या हातात आहे, त्याचं क्षमा करणं त्याच्या वेळेने होईल. आणि त्याच्या वतीने तुम्ही मैत्रिणीला क्षमा करू शकत नाही, तो हिशेब त्याचा आहे.

हे बोलून झाल्यावर मैत्रिणीकडे बघण्याची तुमची नजर थोडी बदलेल, असा मला विश्वास वाटतो. तिचा अपराध लहान होणार नाही, पण तुम्ही तिच्याशी एका ऋण्याने दुसऱ्या ऋण्याशी बोलावं तसं बोलाल. मत्तय अठरामध्येच सांगितलं आहे, भावाने अपराध केला तर तो एकटा असताना जाऊन त्याला सांग. मेसेजवर नाही, तिसऱ्या माणसाच्या तोंडून नाही. ‘तू प्रार्थनेसाठी सांगितलंस हे मी मानते. पण ती गोष्ट सांगण्याचा अधिकार तुला नव्हता, आणि तसा तो मलाही नव्हता. माझा मुलगा त्यामुळे देवाच्या घरापासून दुरावला. हे मला तुला सांगायचं होतं, आणि मी तुला क्षमा करते.’ एवढं पुरे.

पूर्वीसारखं वागायलाच हवं, असं नाही. ज्या भावांनी योसेफाला गुलाम म्हणून विकलं होतं त्यांना त्याने क्षमा केली, पण ओळख देण्याआधी ते बदलले आहेत का हे त्याने पाहिलं. आपला प्याला त्याने धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणला, आणि धाकट्याला टाकून हे पुन्हा निघून जातात का ते बघितलं. योसेफाला विकू या असं सुचवणारा भाऊ यहूदाच तेव्हा पुढे झाला आणि म्हणाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा. मग योसेफ रडला. विश्वास असा बघून, हळूहळू परत येतो. तिला नमस्कार करा, तिच्यासाठी प्रार्थना करा, तिच्याबद्दल कुणापाशी वाईट बोलू नका. मनातली गुपितं मात्र आता तिला सांगायची गरज नाही. (घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनीही मला लिहितात की क्षमा केली तर परत जावं लागेल का. नाही. क्षमा करूनही सुरक्षित जागी राहता येतं, आणि राहावं.)

आणखी एक. पाळकसाहेबांशी किंवा प्रार्थनासभा चालवणाऱ्या भगिनींशी बोला. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला विचारल्याशिवाय सभेत त्याचं नाव घ्यायचं नाही, एवढा एकच नियम करायला सांगा. नावाशिवाय केलेली प्रार्थनाही देवाला कळते. तुमच्या मुलासारखं दुसरं कुणी त्यामुळे वाचेल.

सुरुवात मुलापासून करा. ते झालं की मला लिहा, मैत्रिणीकडे केव्हा आणि कसं जायचं ते आपण मग ठरवू. तुम्हा दोघांसाठी मी प्रार्थना करते आहे.

तुमची,
ताई