पेजेतून आलेली दमछाक

भुसावळच्या एका वाचकाने विचारलंय: सामन्याच्या इंग्रजी समालोचनात ‘ग्रुएलिंग’ (दमछाक करणारं) हा शब्द सारखा ऐकू येतो, तो ‘क्रुएल’वरून (म्हणजे निर्दय) आला का?

नाही. यमक जुळतं, पण मूळ वेगळं; तो आला ‘ग्रुएल’वरून. ‘ग्रुएल’ म्हणजे ओटचं भरड पीठ पाण्यात किंवा दुधात शिजवून केलेली पातळ पेज. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या भरपूर पाणी घालून शिजवल्या तर होईल तसं काहीतरी. आजाऱ्याला हीच पेज द्यायचे आणि इंग्लंडमधल्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमांतही हीच वाढायचे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी जर्मानिक कुळातला भरड धान्याचा शब्द आहे. फरशीच्या फटीत भरतात ते ‘ग्राउट’ही याच कुळातलं! भरड पिठाच्या लगद्याचं नाव पुढे चुन्या-सिमेंटच्या लगद्याला मिळालं.

मग पेजेतून दमछाक कशी आली? अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘आपली ग्रुएल मिळणे’ म्हणजे शिक्षा भोगणे, असा बोलीतला प्रयोग रूढ झाला. मराठी माणसाला हे समजावून सांगायलाच नको. आपण मार ‘खातो’, पाठीत ‘प्रसाद’ मिळतो आणि खान्देशातल्या पोरांनाही धम्मकलाडू आणि चापटपोळी चांगलीच ठाऊक असते. पुढे एकोणिसाव्या शतकात ‘ग्रुएल’चं क्रियापद होऊन त्याला पिळून काढणे, थकवून टाकणे असा अर्थ आला. त्यातूनच ‘ग्रुएलिंग’ हे विशेषण झालं.

‘क्रुएल’चं मूळ मात्र लॅटिनमधल्या ‘कच्चं, रक्ताळलेलं’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. आपला संस्कृतातून आलेला ‘क्रूर’ त्याचाच दूरचा भाऊ. हे नातं मला फार आवडतं.

मराठीत वर्तमानपत्रं सरसकट ‘खडतर’ लिहितात, ते मला पुरेसं वाटत नाही. खडतर वाट असते, व्रत असतं. ‘ग्रुएलिंग’मध्ये लांबत गेलेला, अंगातलं त्राण काढून घेणारा त्रास आहे. रावेरकडे वैशाखात दिवसभर केळीचे घड वाहणं किंवा चैत्रात सप्तशृंगी गडापर्यंत पायी जाणं, हे ‘ग्रुएलिंग’. त्यासाठी मी ‘दमछाक करणारं’ म्हणेन, बोलताना ‘जीव काढणारं’. ‘जीवघेणं’ मात्र नको, त्यात मरणाचा धोका येतो.

लिहिताना ब्रिटिश वळणात ‘एल’ दोनदा येतो, अमेरिकन वळणात एकदा. दोन्ही बरोबर.