‘धर्मादाय दवाखान्यात का आयुष्य काढायचं?’

पत्र (थोडक्यात) : मी बार्शी तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलीला बारावीला ८१ टक्के मिळाले. नीटचे दोन प्रयत्न झाले, पण एमबीबीएसचा नंबर लागला नाही. तिसऱ्या वर्षी लातूरला ठेवायची तयारी आहे. नाहीच जमलं तर दोन एकर विकून परदेशी एमबीबीएसला पाठवू. पण गेल्या वर्षी आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती एका ट्रस्टच्या रुग्णालयात सोबत राहिली आणि तेव्हापासून म्हणते, ‘ऑप्टोमेट्री (दृष्टी तपासणीची पदवी) करते आणि मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयासारख्या संस्थेत काम करते.’ धर्मादाय दवाखान्यात का आयुष्य काढायचं? निकालापासून ती बोलत नाही, जेवणही खोलीतच घेते. तिला समजवावं आणि लातूरमधला चांगला क्लास सुचवावा.

सर, नमस्कार.

क्लासचं नाव मी सुचवणार नाही. जमिनीचा भाव, होस्टेलचा खर्च, परदेशातली फी यावर तुम्ही दीड पान लिहिलं आहे. मुलगी बोलत नाही आणि खोलीत जेवते, हे मात्र शेवटी एका ओळीत उरकलं आहे. माझ्या लेखी तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

निकालानंतर आठ-दहा दिवस मूल गप्प राहिलं तर समजू शकतं. त्यापुढेही ताट खोलीतच जात असेल, तर त्याला रुसवा समजू नका. रात्री झोप लागते का, दिवसा अंथरुणातच असते का, मैत्रिणींचे फोन उचलते का, ‘माझा काही उपयोग नाही’ असं काही बोलते का, हे तिच्या आईला शांतपणे पाहायला सांगा. यातलं काही आढळलं तर सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा, आणि नातेवाईक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. घरून सुरुवात करायची असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणखी एक. ‘तुझ्यासाठी जमीन विकायला काढली’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. तुम्ही ते मायेपोटीच म्हणता, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या डोक्यावर त्याचं कर्ज चढतं. पेपर सोडवताना चुकलेल्या प्रश्नाची किंमत गुंठ्यांत मोजायची वेळ आली, की येत असलेलं उत्तरही सुचत नाही. तिसऱ्या प्रयत्नाचा निर्णय या ओझ्याखाली झाला तर तो तिचा राहणार नाही. तुम्ही शिक्षक आहात. दुसऱ्याच्या मुलीबद्दल तुम्ही असा आग्रह धरला नसता.

परीक्षांबद्दल एवढंच सांगतो : तिसरा प्रयत्न तिने स्वतःहून मागितला तरच करा. परदेशी एमबीबीएससाठी किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर इथली परवाना परीक्षा आणि पुन्हा इथली इंटर्नशिप, एवढी सगळी साखळी धरून खर्च मांडा. एजंट यातला पहिलाच टप्पा सांगतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. धर्मादाय म्हणजे फुकट औषधं, गळकं छत, जुनी यंत्रं आणि अर्धा पगार, ही समजूत काढून टाका. ना-नफा संस्थेत पैसा मिळतो, शिल्लकही राहते. फक्त ती कुणा भागधारकाच्या खिशात जात नाही, संस्थेतच परत घालावी लागते. मुंबईची जसलोक, हिंदुजा, लीलावती ही रुग्णालयं ट्रस्टचीच आहेत. आपल्याकडे अशा धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. हे सगळं चालवायला भूलतज्ज्ञ लागतो, तसाच हिशेबनीस, बायोमेडिकल इंजिनिअर आणि वैद्यकीय समाजसेवकही लागतो, आणि त्यांना दरमहा पगार मिळतो. तुमच्या बार्शीतच मुंबईच्या टाटा स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करुग्णांची नोंदणी चालते. ती रुग्णालयात बसून होत नाही, गावोगाव फिरून होते, कारण खेड्यातली बाई गाठ हाताला लागली तरी आपण होऊन दवाखान्यात येत नाही. हेही करिअरच आहे.

मुलीने अरविंदचं नाव घेतलं आहे, तर ती संस्था चालते कशी ते पाहू. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांवर त्यांनी सुरुवात केली. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी ते शस्त्रक्रिया करत. आज तामिळनाडू-पुदुच्चेरीत संस्थेची अनेक रुग्णालयं आहेत. निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा अगदी नाममात्र दरात उपचार होतात आणि ते मुख्यतः पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून भागतं. डॉक्टर आणि नर्स दोन्ही विभागांत आलटून-पालटून काम करतात, त्यामुळे मोफत विभागाला शिकाऊ हात आणि पैशाच्या विभागाला अनुभवी हात असं होत नाही.

तिथलं शस्त्रक्रियागृह (ओटी) पाहिलं तर खर्च का कमी येतो ते कळतं. एका सर्जनला दोन टेबलं. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाचा डोळा धुऊन, निर्जंतुक कापड लावून तयार ठेवलेला असतो. पहिली संपली की सर्जन मायक्रोस्कोप वळवतो आणि पुढची सुरू करतो. तासाला सहा-आठ शस्त्रक्रिया होतात. यात घाई नाही. ज्या कामाला सर्जनच्या हाताची गरज नाही, ते दुसऱ्या प्रशिक्षित हातांकडे दिलेलं असतं. हे हात बहुतेक खेड्यांतून आलेल्या, बारावीनंतर दोन वर्षं तिथेच शिकलेल्या मुलींचे असतात. दृष्टी तपासणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, अश्रूनलिका मोकळी आहे का पाहणं, ओटीत हत्यारं देणं, रुग्णाला समजावून सांगणं, हे सगळं त्या करतात. वेग गाठताना काय बिघडू शकतं, हेही त्यांना पाठ असतं : ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, इंडिकेटर पट्टीचा रंग न पाहता पेटी उघडली, किंवा डोळ्यात सोडायच्या द्रवाचा बॅच नंबर लिहायचा राहिला, तर एका दिवसातल्या अनेक रुग्णांना एकाच वेळी जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणूनच गावोगावच्या नेत्रशिबिरात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रियेसाठी माणसांना बसने मुख्य रुग्णालयात न्यायचं, ही पद्धत तिथे पडली.

‘चष्म्याच्या नंबरासाठी पदवी कशाला?’ असंही तुम्ही विचारलं आहे. तिच्या आजीच्या डोळ्यात बसवलेल्या भिंगाची पॉवर कुणीतरी आधी मोजून काढली होती. बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी यांवरून ती ठरते. लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर साधारण अडीचने (डायॉप्टरने) चुकतो. ए-स्कॅनचा, म्हणजे ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब बुबुळावर जरा जास्त दाबला गेला की डोळा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, भिंग गरजेपेक्षा जास्त पॉवरचं निवडलं जातं आणि शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही आजींना लांबचं धूसर दिसतं. सर्जनचं काहीच चुकलेलं नसतं. ही मोजणी अनेक रुग्णालयांत ऑप्टोमेट्रिस्ट करतात. हे काम दुय्यम आहे, असं म्हणणाऱ्याने ते पाहिलेलं नाही.

तिथे सुधारणा कुठून निघतात, हे तर मुद्दाम पाहण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकात डोळ्यात बसवायची भिंगं परदेशातून यायची, एकेकाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. ती पैसे देणाऱ्याला मिळत. गरिबाला मोतीबिंदू काढून जाड काचांचा चष्मा दिला जाई. हा फरक संस्थेला मान्य नव्हता. अमेरिकेतले सामाजिक उद्योजक डेव्हिड ग्रीन आणि तिथलीच सेवा फाउंडेशन ही संस्था यांच्या मदतीने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना उभा राहिला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास, पुढे त्याहून खाली आली. आज ती भिंगं शंभराहून जास्त देशांत जातात.

दुसरं उदाहरण अपयशातून आलेलं आहे. शिबिरांची एवढी वाहवा होत असताना खेड्यांत जाऊन पाहणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की डोळ्याचा त्रास असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के लोक शिबिराला येतात. कुणाला सोबत यायला माणूस नसतं, कुणाची मजुरी बुडते, कुणी घाबरतं. मग गावाजवळ कायमची दृष्टी केंद्रं उघडली गेली. केंद्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ तपासणी करते आणि डॉक्टर मुख्य रुग्णालयातून व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. तामिळनाडूतल्या थेनी भागात तर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांसोबत लांब पल्ल्याचं वायफाय जोडून हे जुळवलं होतं.

आणि तिसरं निघालं रोजच्या नोंदींतून. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्याने आतला जंतुसंसर्ग किती कमी होतो, हे त्यांनी वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तपासलं. दहा हजारांत सात हे प्रमाण दोनवर आलं. इतकी दुर्मीळ गुंतागुंत मोजायला आधी लाखो रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने झालेली असावी लागते. तो फॉर्म नीट भरणारी प्रत्येक व्यक्ती या संशोधनात आहे.

आता, मुली, चार शब्द थेट तुझ्यासाठी. अरविंदचं नाव ऐकून भारावून जाऊ नकोस. तिथल्या ओपीडीत रुग्ण तमिळ बोलतात. ‘वरची ओळ वाचा’, ‘हलू नका’ एवढं तमिळ आल्याशिवाय तुझं काम एक दिवसही चालणार नाही. बारावीनंतरची त्यांची दोन वर्षांची योजना मुख्यतः आसपासच्या गावांतल्या मुलींसाठी आहे, तिच्यामागे धावू नकोस. तुझा रस्ता पदवीचा. काम सकाळी लवकर सुरू होतं आणि तेच ते असतं. एकाच दिवसात पन्नासावा नंबर काढतानाही पहिल्याइतकंच लक्ष लागतं. ठरलेली पद्धत मनाला येईल तशी बदलता येत नाही. बदल सुचवायचा तर मोजून दाखवावा लागतो. पगार मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट साखळीपेक्षा कमी असू शकतो. हे चालणार नसेल तर आत्ताच स्वतःशी कबूल कर, त्यात कमीपणा नाही. आणि महाराष्ट्रातही ट्रस्टची चांगली नेत्ररुग्णालयं आहेत. पदवीची वर्षं मराठी रुग्णांवर हात बसव, मदुराई नंतर.

सर, कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. ऑप्टोमेट्रीच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. ती कुठे होते, यावर सगळं अवलंबून आहे. स्वतःचं नेत्ररुग्णालय नसलेल्या काही संस्था मुलांना चष्म्याच्या दुकानात पाठवतात. तिथे विक्री शिकता येते, काचबिंदू ओळखता येत नाही. विद्यापीठाची संलग्नता स्वतः तपासा, सहा महिन्यांच्या ‘डिप्लोमा’च्या जाहिरातींना भुलू नका. २०२१च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग झाला आहे आणि प्रवेशाचे नियम बदलत आहेत, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा आणि नीटचं गुणपत्रक जपून ठेवा. पुढे व्यवस्थापनाकडे वळावंसं वाटलं तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी आहे, आणि अरविंदच्याच ‘लायको’ या संस्थेत नेत्ररुग्णालय चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं.

पण हे सगळं नंतर. जमिनीचा व्यवहार तूर्त थांबवा आणि तसं तिला स्वतः सांगा. ती घराबाहेर पडायला तयार झाली की आधी परवानगी घेऊन पुण्याचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय किंवा सोलापूरचं एखादं ट्रस्टचं रुग्णालय दोघांनी मिळून पाहा. सकाळी आठला पोचा, ओपीडी भरलेली असताना. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टना तीन गोष्टी विचारा : दिवसाला किती रुग्ण तपासता, नव्या मुलीला स्वतंत्रपणे तपासू द्यायला किती महिने लागतात, आणि पाच वर्षांनी पद व पगार काय होतो. प्रश्न तिला विचारू द्या.