जर्मन वाक्य मराठीतून पकड, इंग्लिशमधून नको

तुझा प्रश्न वाचला. जर्मनची एटू (A2, म्हणजे दुसरी पातळी) चालू आहे, नर्सिंगसाठी इकडे जर्मनीत श्टुटगार्टकडे यायचंय, शब्द पाठ होतात पण बोलायला तोंड उघडलं की क्रियापद कुठे टाकायचं तेच सुचत नाही, म्हणून आधी मनात इंग्लिश वाक्य करतेस आणि मग त्याचं जर्मन. मी पण पुण्यात शिकताना अगदी हेच केलं, चांगलं दीड वर्ष, आणि इथे आल्यावर ते सगळं मोडून परत पायापासून बांधावं लागलं. म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

एकच वाक्य घेऊ, इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच लागेल असं. तू घरी नसलीस की पार्सलवाला शेजाऱ्यांकडे पार्सल देऊन जातो आणि तुझ्या टपालपेटीत चिठ्ठी टाकतो. मग तू रूममेटला सांगतेस, उद्या कामानंतर मी शेजारणीकडून पार्सल घेऊन येते. जर्मनमध्ये: "इश होले मॉर्गन नाख देर आरबाइट दास पाकेट बाय देर नाखबारिन आप."

"होले" दुसऱ्या नंबरवर आणि "आप" पार शेवटी. दोन्ही मिळून एकच क्रियापद, "आपहोलेन", जाऊन घेऊन येणे. इंग्लिशमधून विचार करणाऱ्याला वाटतं की क्रियापद कर्त्याच्या मागे आहे ते बरोबर, मग शेवटी हे शेपूट कशाला लावलं? मी उलटं सांगते, क्रियापदाचं खरं घर शेवटीच आहे. कर्ता न घालता नुसता तुकडा लिहून बघ: "मॉर्गन नाख देर आरबाइट दास पाकेट बाय देर नाखबारिन आपहोलेन". आणि खाली मराठी लिही, "उद्या कामानंतर पार्सल शेजारणीकडून आणणे". क्रम तोच आहे की नाही? आधी कधी, मग काय, मग कुठून, शेवटी क्रियापद. भाषाशास्त्रातले पण बरेच लोक जर्मनची मूळ मांडणी क्रियापद शेवटी अशीच धरतात. साध्या विधानात फक्त एवढंच होतं की क्रियापदाचा जो भाग कर्त्याप्रमाणे बदलतो तो उठून पुढे दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो, आणि "आप" मागे घर सांभाळत राहतं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम वेगळे पाठ करायला लागत नाहीत. "मुस" घातलंस, म्हणजे आणायलाच पाहिजे, तर आता "मुस" पुढे जाणार आणि "आपहोलेन" अख्खं शेवटी राहणार: "इश मुस मॉर्गन दास पाकेट आपहोलेन". काल आणलं म्हणायचंय तर "हाबे" पुढे आणि "आपगेहोल्ट" शेवटी. आणि "वाइल" आलं, म्हणजे कारण, की कोणीच पुढे जायचं नाही, सगळे घरीच: "वाइल इश मॉर्गन दास पाकेट आपहोलेन मुस". कारण मला उद्या पार्सल आणायला लागणार. आणायला म्हणजे आपहोलेन, लागणार म्हणजे मुस, जोडी तीच आणि त्याच क्रमाने! माझ्या बॅचमधले सगळे या "वाइल"ला घाबरायचे आणि खरं तर मराठी माणसाला जर्मनमधली सगळ्यात सोपी गोष्ट हीच आहे. "की"वाला "दास" पण तसाच (तो वस्तूआधीच्या "दास"सारखाच ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये मात्र एक एस जास्त). मला माहितीये की पार्सल तुमच्याकडे आहे: "इश वाइस, दास दास पाकेट बाय इहनेन इस्ट". "इस्ट" शेवटी, आपलं "आहे" पण शेवटी.

आता जिथे मराठी दगा देते ते. आपण बिनधास्त म्हणतो "उद्या मी आणते", म्हणून तोंडातून "मॉर्गन इश होले" निघतं, आणि हे चूक आहे. पुढे एकच जागा, तिथे "मॉर्गन" बसला की "इश"ला तिथे जागा नाही, तो क्रियापदाच्या मागे: "मॉर्गन होले इश दास पाकेट आप". दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नाही हां. "नाख देर आरबाइट" हे तीन शब्द आहेत पण जागा एकच अडवतात, मग "होले". माझी ही चूक जायला सगळ्यात जास्त वेळ लागला, अजूनही दमले की होते. आणि "नाही" आपण शेवटी म्हणतो, ते "निष्ट" मात्र त्या शेवटच्या तुकड्याच्या आधी येतं, "इश होले दास पाकेट हॉइटे निष्ट आप", आज मी पार्सल आणत नाही.

बरं, त्याच वाक्यात "बाय देर नाखबारिन" आहे. जर्मनमध्ये नामाआधी लिंग दाखवणारा शब्द लागतो, पुल्लिंगी "देर", स्त्रीलिंगी "दी", नपुंसकलिंगी "दास". शेजारीण स्त्रीलिंगी, म्हणजे "दी नाखबारिन", मग "देर" कुठून आला, देर तर पुल्लिंगी ना? हा प्रश्न मी सरांना तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा तक्ता मिळाला. तक्ता लागतोच, पण आधी हे बघ: आपण "शेजारीणकडे" म्हणतो का? शेजारणीकडे म्हणतो. घोडावर नाही, घोड्यावर. शाळेत सामान्यरूप म्हणून मार्क जायचे तेच हे, शब्दाला काही जोडायचं तर आधी तो वाकतो. जर्मनमध्ये जोडायचा शब्द पुढे येतो आणि वाकतं ते बहुतेक वेळा नाम नाही, त्याच्या आधीचं "देर-दी-दास". "बाय" आला की "दी"चा "देर" होतो, "देर"चा "देम". "बाय दी नाखबारिन" हे इथल्यांना "घोडावर बसलो"सारखं ऐकू येतं. कळतं सगळं, पण कानाला टोचतं.

विभक्तीत आपला अजून एक फायदा. मला थंडी वाजते, "मीअर इस्ट काल्ट". मला आवडतं, "मीअर गेफेल्ट एस". मला म्हणजे मीअर, सरळ. इंग्लिशवरून "इश बिन काल्ट" म्हणालीस तर अर्थ होतो मी थंड, म्हणजे भावनाशून्य वगैरे बाई आहे. पेशंटच्या तोंडून पण हेच ऐकशील, "मीअर इस्ट श्लेख्ट", मला मळमळतंय. पण आपला "ला" सगळीकडे चालतो आणि जर्मनचा नाही, हे लक्षात ठेव. पेशंटला बघितलं आणि पेशंटला मदत केली, दोन्हीकडे आपण "ला" लावून मोकळे, तिथे पेशंटच्या आधीच्या "देर"चा बघायला "देन" होतो आणि मदतीला "देम". ही क्रियापदं सुटी पाठ करू नकोस, वाक्यासकट कर.

लिंगांबद्दल फार बोलत नाही. तो-ती-ते तीन आपल्याकडे पण आहेत म्हणून तीन असण्याचा धक्का बसत नाही एवढंच, बाकी काही जुळत नाही. पार्सल ते आणि पाकेट पण "दास", जुळलं, पण काम ते आणि "आरबाइट" मात्र "दी". मुलीला "दास मेडशेन" म्हणतात यावर सगळे हसतात, माझी मालवणकडची मैत्रीण हसली नाही, तिच्याकडे चेडू नपुंसकलिंगीच.

आकड्यांना मात्र घाबरू नकोस. पंचवीस म्हणजे आधी पाच मग वीस, "फ्यून्फ-उंड-त्स्वान्त्सिश" पण आधी पाच मग वीस. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गोंधळ झाला होता, तर इथे पण सरळ "वीस-पाच" म्हणू द्या म्हणणारी एक संस्था आहे, ऐकत कोणी नाही. फक्त वेळेत फसू नकोस, "हाल्प आख्ट" म्हणजे साडेआठ नाही, साडेसात. ड्युटीला एक तास उशिरा पोचशील.

आणि शेवटचा तुकडा किती महत्त्वाचा ते माझ्या फजितीवरून सांगते. पहिल्या हिवाळ्यात टीमचं जेवण होतं, येणार का म्हणून विचारलं. "त्सूझागेन" म्हणजे होकार देणे आणि "आपझागेन" म्हणजे नकार. मी ऐटीत म्हणाले, "इश झागे फ्यूर फ्रायटाग आप". वाक्यरचना एकदम परफेक्ट. शुक्रवारी नटूनथटून गेले तर माझी खुर्ची नाही, सगळे बघतायत, ही तर नाही म्हणाली होती. फरक फक्त "त्सू" आणि "आप"चा, तोही शेवटच्या शब्दात. तुला वॉर्डात रोज लागेल ते वाक्य पण असंच आहे, "इश नेमे इहनेन येत्स्ट ब्लूट आप", आता तुमचं रक्त घेते. नुसतं "नेमे" ऐकून काही कळत नाही. म्हणून ऐकताना पूर्ण वाक्य होईपर्यंत थांबायचं, आपण मराठीत थांबतोच की, समोरचा "मी उद्या तुमच्याकडे" म्हणाला तर येतो का येत नाही ते शेवटीच कळतं.

रोज एक वाक्य घे, मराठीत बोल, तो कर्ता नसलेला तुकडा कर, मग एक भाग पुढे ढकल. "वाइल" लावून परत एकदा. बीटू पातळीपर्यंत (तुमच्या कामाच्या मान्यतेला बहुतेक ठिकाणी तेवढं लागतंच) मी हेच करत गेले.

आणि हो, श्टुटगार्टकडे श्वेबिश ही तिथली बोली बोलतात, पुस्तकातलं जर्मन तिथे थोडं चावून खातात. मी पहिल्यांदा पार्सल आणायला गेले तेव्हा जिन्यात चार वेळा वाक्य घोकलं, बेल वाजवली, आजींनी दार उघडलं, मी वाक्य "आप"सकट म्हटलं, आणि त्या म्हणाल्या, "कोमेत से राय!" पुस्तकात "कोमेन झी राइन" असतं ते. पहिले दोन शब्द मला कळलेच नाहीत, पण शेवटी "राय" ऐकलं, म्हणजे आत, आणि चपला काढल्या.